सुट्टीत तब्येत बिघडते ती ताटात नाही, गाडीत

प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्यात आठ दिवस पुण्याहून गाडीने गुहागरला जायचंय. सोबत ६७ वर्षांच्या सासूबाई (मधुमेह, बीपी, दोन्ही गुडघे कुरकुरतात), कंबरदुखीवाला नवरा, आणि १३ व ९ वर्षांची मुलं. दर सुट्टीत माझं तीन किलो वजन वाढतं, कुणाचं तरी पोट बिघडतं, आणि परत आल्यावर सुट्टीचा शीण घालवायला आणखी दोन दिवस रजा काढावी लागते. तिथेही डाएट आणि व्यायाम चालू ठेवायचा का? मजा घालवायची नाहीये.

उत्तर:

मी पुण्यात २६ वर्षं फॅमिली डॉक्टर म्हणून दवाखाना चालवते. मे महिन्याचा शेवट आणि दिवाळीनंतरचा आठवडा, या दोन्ही वेळी माझ्या बाकड्यावर "कालच फिरून आलो" वाल्यांची रांग असते. त्यामुळे तुमचा प्रश्न मला तोंडपाठ आहे. डाएट घरी ठेवून जा. योगा मॅटही. आठ दिवस मासे-भात खाऊन कुणाचं वाटोळं झालेलं मी अजून पाहिलेलं नाही. बिघडतं ते तासन्‌तास गाडीत बसून, जेवणाच्या वेळा मोडून, लघवी लागेल म्हणून पाणी न पिऊन, आणि रात्री एकपर्यंत पत्ते कुटून दुसऱ्या दिवशी चार देवळं नि एक किल्ला उरकण्याने. खापर मात्र फुटतं सोलकढीवर.

आधी तुमचे तीन किलो. एक किलो चरबी अंगावर चढायला साधारण ७७०० कॅलरी जास्तीच्या खाव्या लागतात. तीन किलोंचे झाले २३ हजारांच्या वर. आठ दिवसांत हे जमवायचं तर रोजच्या जेवणावर आणखी २९०० कॅलरी, म्हणजे तुमच्यासारख्या बाईने रोज दुपटीहून जास्त खायला हवं. तेवढं तुम्ही खात नाही, खाऊ शकतही नाही. मग काटा खोटं बोलतो का? नाही, तो पाणी मोजतो. पापड, लोणचं, सुकं, हॉटेलातली ग्रेव्ही यांतलं मीठ अंगात पाणी धरून ठेवतं. भात-पोळी-आंबा जास्त झाला की स्नायूंमध्ये आणि यकृतात साखरेचा साठा वाढतो, तोही सोबत पाणी घेऊनच बसतो. त्यात तीन दिवसांचं बद्धकोष्ठ. घरी परतून नेहमीचं खाणं सुरू झालं की हे आपोआप उतरतं. म्हणून आल्या आल्या काट्यावर उभं राहू नका, आठवड्याने राहा. तेव्हा जे उरेल, अर्धा किलो, फार तर एक, तेवढंच खरं. आणि परतल्या दिवशी धसका घेऊन "आता दोन दिवस फक्त ज्यूस" हा जो प्रकार करता, तो तर अजिबात नको.

आता गाडी. पुण्याहून सातारा रस्त्याने उंब्रज, तिथून आत वळून पाटण, कोयनानगर, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर. थांबत-थांबत गेलात तर सात तास धरा. लोक हे अंतर "एका दमात" कापल्याचं अभिमानाने सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रवास आणि पायांतल्या रक्ताच्या गुठळ्या यांवरचा अहवाल काढला. सलग चार तास किंवा जास्त बसून प्रवास केला की गुठळीचा धोका साधारण दुप्पट होतो, असं त्यात निघालं. घाबरू नका, मुळात धोका लहान आहे, सहा हजारांत एखादा. पण सासूबाईंचं वय, कुणाचं नुकतंच ऑपरेशन, कुणाच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असणं यांनी तो वाढतो. पोटरीचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलतात आणि बसलेल्या माणसाची पोटरी झोपलेली असते. उपाय फुकट आहे: दर दोन तासांनी गाडी थांबवायची आणि सगळ्यांनी उतरायचं. सगळ्यांनी, म्हणजे "मी बसते गं गाडीतच" म्हणणाऱ्या सासूबाईंनीसुद्धा. गाडीच्या बॉनेटला धरून वीस वेळा टाचा उचलायच्या, पाच मिनिटं चालायचं. मुलं हसतील. हसू द्या.

बायकांबद्दल एक गोष्ट मोकळेपणी लिहिते. प्रवासात पाणी न पिणं ही आपल्याकडच्या बायकांची जुनी सवय आहे आणि त्याला कारणही आहे, जागोजागी स्वच्छतागृहं नसतात. पण त्याचा हिशेब तिसऱ्या दिवशी मिळतो: लघवीला जळजळ, डोकेदुखी, बद्धकोष्ठ. महामार्गावर आहात तोवर मोठे पेट्रोलपंप, फूड मॉल मिळतात, तिथे गरज वाटो न वाटो, जाऊन या. उंब्रजला महामार्ग सोडला की स्वच्छ जागा मिळेलच असं नाही, तेव्हा त्याआधीचा थांबा चुकवू नका. पाणी घोट-घोट चालू ठेवा. लघवी गडद पिवळी झाली की पाणी कमी पडतंय, याहून सोपी तपासणी नाही.

नवऱ्याच्या कंबरेबद्दल. गाडी चालवताना पाठीच्या खोलगट भागात टॉवेलची गुंडाळी, मागच्या खिशातलं पाकीट बाहेर, हे त्यांना ठाऊक असेलच. ठाऊक नसतं ते हे की कंबर गाडीत धरत नाही, गाडीतून उतरल्यावर धरते. दोन-तीन तास वाकून बसल्यावर मणक्यांमधले बंध सैल पडलेले असतात, आणि नेमकं तेव्हाच माणूस डिकी उघडून बावीस किलोची बॅग वाकडं होऊन ओढतो. माझ्याकडे येणाऱ्या सुट्टीतल्या कंबरांपैकी निम्म्या डिकीपाशी गेलेल्या असतात. पोचल्यावर आधी अंगणात दोन चकरा, पाणी, चहा. बॅगा दहा मिनिटांनी.

तुमचा १३ वर्षांचा घाटात मोबाइल बघणार आणि कोयनानगरच्या पुढे ओकणार, हे मी इथे बसून सांगते. वळणांवर नजर लांब रस्त्यावर हवी. पोट अगदी रिकामं नको, गच्चही नको. आल्याची वडी काहींना चालते. गोळी द्यायची तर घाटाच्या तोंडाशी नाही, निघण्याआधी तासभर, आणि मात्रा मुलाच्या वजनावर तुमच्या डॉक्टरांकडून विचारून. या गोळ्यांनी झोप येते, म्हणून चालवणाऱ्याने त्यांना हात लावायचा नाही.

आता सासूबाई. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण यातली चूक मी स्वतः केलेली आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आईवडिलांना घेऊन आम्ही कोकणात उतरत होतो. वडिलांना मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी चालू होती. घाटाच्या वरच्या बाजूला बारा वाजता त्यांनी विचारलं, गोळी घेऊ का? मी म्हटलं, घ्या, अर्ध्या तासात जेवायला थांबतोच आहोत. पुढे एक ट्रक आडवा झालेला. अर्ध्या तासाचा दीड तास झाला. वडील आधी गप्प झाले, मग एसी कमी आहे म्हणून माझ्या नवऱ्यावर खेकसले, मग आईवर, मग माझ्यावर. माझे वडील कुणावर आवाज चढवणारे नव्हते. आणि मी, एवढी डॉक्टर, त्यांच्याशी दहा मिनिटं भांडले! त्यांच्या कपाळावर घाम दिसला आणि हात थरथरताना दिसले तेव्हा ट्यूब पेटली. पिशवीत खायला भरपूर होतं: चिवडा, खाकरा, शेंगदाण्याची चिक्की. यातलं काहीच अशा वेळी पटकन उपयोगी पडत नाही, तेल आणि शेंगदाण्यामुळे साखर रक्तात उतरायला वेळ लागतो. शेवटी रांगेतल्या पुढच्या गाडीतल्या एका बाईंच्या बाळाची ग्लुकोजची पुडी मिळाली. दहा-पंधरा मिनिटांत वडील माणसात आले आणि विचारू लागले, "तू का रडतेयस?"

त्यानंतर आमच्या घरी नियम आहे: साखर कमी करणारी गोळी ताट समोर आल्यावर. "येईलच आता" यावर नाही. सगळ्या गोळ्या असं करत नाहीत. नुसत्या मेटफॉर्मिनने साखर सहसा अशी घसरत नाही. पण ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड आणि इन्सुलिन यांत जेवण लांबलं की धोका खरा. सासूबाईंच्या गोळीच्या पाकिटावर बारीक अक्षरांत नाव असतं, जाण्याआधी ते वाचा. त्यांच्या पर्समध्ये, डिकीतल्या बॅगेत नव्हे, साखरेची किंवा ग्लुकोजची पुडी ठेवा. घाम, थरथर, अचानक चिडचिड किंवा बरळणं दिसलं की आधी तीन चमचे साखर पाण्यात, मग चर्चा. पंधरा मिनिटांनी ग्लुकोमीटरवर बघा, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की पोळी-भाजी किंवा भात. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट दवाखाना किंवा १०८.

कुणी इन्सुलिनवर असेल तर वापरात असलेली पेन साधारण महिनाभर बाहेर टिकते, पण ३० अंशांच्या आत. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा डॅशबोर्ड म्हणजे भट्टी, तिथे नाही. बर्फाला चिकटवूनही नाही, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. कोकणात चांगली सोय म्हणजे माठ: पेन कोरड्या डबीत, डबी लहान मडक्यात, मडकं ओल्या फडक्यात.

बीपीची गोळी सुट्टीवर पाठवायची नाही. दरवर्षी कुणीतरी "तिथे काही ताण नव्हता, म्हणून घेतली नाही" असं सांगतंच. पण लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर मेच्या घामात ती कशी घ्यायची, हे डॉक्टरांना आधी विचारून ठेवा.

आता तुमचा व्यायाम. गुहागरचा किनारा साधारण सहा किलोमीटर लांब आहे, मागे सुरूचं बन. असा ट्रॅक समोर असताना खोलीत सूर्यनमस्कार घालायला सांगणारी मी कोण? मात्र वाळू ही रस्त्यासारखी नसते. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दोन ते अडीच पटीहून जास्त ऊर्जा लागते. पहिल्याच सकाळी हौसेने तासभर अनवाणी चाललात की दुसऱ्या दिवशी टाच टेकवणार नाही. पहिले दोन दिवस वीस-पंचवीस मिनिटं, आणि पाण्यालगतच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावर. किनारा समुद्राकडे उतरता असतो, एक पाय सतत खाली पडतो, म्हणून गेलात त्याच पट्ट्यावरून परत या, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखं होतं.

हा घट्ट पट्टा कधी मिळेल हे कोकणात कॅलेंडर बघून कळतं. मच्छीमारांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, तीन वाजता भरती. पौर्णिमा किंवा अमावस्या म्हणजे पंधरा पाऊणे सव्वाअकरा. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास पहाटे पाच-साडेपाच आणि संध्याकाळी साधारण तेवढ्याच वेळी समुद्र पार आत गेलेला, आणि चालायला मैदान मोकळं. अष्टमीला उलट: सकाळी सहाला पाणी ऐन भरतीला, चालायची वाळू पाण्याखाली. त्या दिवशी गावातल्या पाखाड्या, म्हणजे दगडी पायवाटा, धरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो, पण मोबाइलला रेंज नसताना हा हिशेब मला कधी दगा देऊन गेलेला नाही. सहलीचा आठवडा निवडायची मुभा असेल तर मी पौर्णिमेच्या बाजूचा निवडते. चांदणंही मिळतं.

सकाळी चालणं साडेआठच्या आत, संध्याकाळी पाचनंतर. अकरा ते चार पडवीत. कोकणात मेमध्ये पारा नागपूरएवढा चढत नाही म्हणून लोक फसतात. इथे हवेत दमटपणा एवढा की घाम वाळतच नाही, आणि घाम वाळल्याशिवाय अंग थंड होत नाही. तहान लागायची वाट न बघता कोकम सरबत, पन्हं, ताक, नारळपाणी. सासूबाईंना कोकम आगळाचं, बिनसाखरेचं, बीपीमुळे त्यातही मीठ बेताचं. टोपीपेक्षा छत्री बरी, तिच्यात मानही झाकते.

पोहण्याबद्दल मी कडक आहे. पोहायच्या टाकीत शिकलेलं पोहणं समुद्रात पुरत नाही. मुलांना गुडघाभर पाण्याच्या पुढे सोडायचं नाही, आणि त्यांच्या समुद्राकडच्या बाजूला मोठ्या माणसाने उभं राहायचं, वाळूत बसून बघायचं नाही. दोन लाटांच्या रांगांमध्ये एखादा पट्टा शांत, लाट न फुटणारा दिसला तर तो पोहायला छान म्हणून नाही, तिथूनच पाणी आत ओढत असतं. त्यात सापडलंच कुणी तर किनाऱ्याकडे झुंजायचं नाही, किनाऱ्याला समांतर सरकायचं. ओहोटी सुरू झाल्यावर आत जाऊ नका, आणि बिअर घेतलेल्या कुणीही पाण्यात पाऊल टाकू नये. गावातला माणूस "आज नको" म्हणाला की विषय संपला.

सासूबाईंच्या पायांकडे परत येते, कारण हे सहसा कुणी सांगत नाही. बरीच वर्षं मधुमेह असलेल्यांच्या तळव्यांची संवेदना हळूहळू कमी होते. मागे माझ्याकडे एक आजी आल्या. दुपारी साडेबाराला देवळाच्या फरशीवरून अनवाणी प्रदक्षिणा घातली होती. सोबतचे सगळे उड्या मारत पळाले, या मात्र शांतपणे तीन फेऱ्या पुऱ्या करून आल्या. घरच्यांना वाटलं, केवढी श्रद्धा. संध्याकाळी दोन्ही तळव्यांना लिंबाएवढे फोड. ते भरायला सात आठवडे लागले. तेव्हा देवदर्शन सकाळी, पायांत जाड सुती मोजे (देवाला चालतात), वाळूत बंद चप्पल, आणि रात्री झोपण्याआधी दिव्याखाली तळवे तुम्ही स्वतः बघायचे. स्वतःचे तळवे वाकून बघणं त्यांना गुडघ्यांमुळे जमणार नाही.

गुडघ्यांना चढण्यापेक्षा उतरणं जड जातं. पायरी उतरताना गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या साधारण साडेतीन पट भार येतो. लोक मात्र चढताना हात देतात आणि उतरताना "आता काय, उतरायचंच आहे" म्हणून पुढे पळतात. हेदवीच्या दशभुजा गणपतीला जा, वेळणेश्वरला जा, पण उतरताना त्यांच्या एका हातात काठी आणि दुसऱ्या बाजूला तुम्ही. दुखरा पाय आधी खाली टाकायचा, चढताना चांगला पाय आधी वर. गणपतीपुळ्याला गेलात तर डोंगराची प्रदक्षिणा साधारण एक किलोमीटरची आहे. सकाळी सातला, सावकाश, मध्ये बसत, त्यांना जमेल. "तुम्ही गाडीत थांबा" असं कृपा करून म्हणू नका. आठ दिवस बसवून ठेवलेला गुडघा परत येताना जास्त आखडलेला असतो.

जेवण. ज्या घरगुती ठिकाणी उतराल तिथल्या काकूंना आदल्या रात्री दोन गोष्टी सांगून ठेवा: रात्रीचं जेवण साडेसातला, आणि सकाळी घावणे किंवा आंबोळ्या. त्यांना काही वाटत नाही, उलट लवकर आवरतं म्हणून बरंच वाटतं. साडेनऊला तळलेली सुरमई, वर दोन मोदक आणि लगेच आडवं, हे तुमच्या पोटाला, सासूबाईंच्या साखरेला आणि सगळ्यांच्या झोपेला महागात पडतं. आग्रहाला "नको" म्हणून कोकणात निभाव लागत नाही. "अर्धा वाढा, परत मागते" म्हणायचं. ताट मोकळं दिसलं की वाढलं जाणारच, म्हणून शेवटचे दोन घास ताटात राखून ठेवायचे, ही माझ्या सासूबाईंची युक्ती. काकूंना ती ठाऊक असते, पण त्या मान राखतात.

हापूस सासूबाईंना बंद करू नका, त्या तुमच्या नकळत खातील. पावशेराच्या एका आंब्यात दीडशे ग्रॅमच्या आसपास गर निघतो, त्यात पिष्ट-साखर बावीस-तेवीस ग्रॅम, म्हणजे एका पोळीपेक्षा थोडी जास्त. मग एक पोळी कमी करून एक आंबा, फोडी करून, जेवणातच. जेवणानंतर वरून नाही. आमरस वेगळा: वाटीत दोन-तीन आंबे जातात, वर साखर, आणि चावायचं काही नसल्याने वाटी कधी संपली ते कळत नाही. दोन तासांनी ग्लुकोमीटर लावून त्यांनाच आकडा बघू द्या. माझ्या उपदेशापेक्षा तो आकडा जास्त काम करतो.

मासे खा, रोज खा, तव्यावरचे आणि आमटीतले जास्त. बाजारातून स्वतः आणणार असाल तर कल्ला उचलून बघा, लालबुंद हवा; डोळा फुगीर, बोटाने दाबलं तर खड्डा राहता कामा नये. बांगडा, सुरमई, कुपा हे मासे बर्फाविना उन्हात राहिले तर त्यांत हिस्टामिन नावाचं रसायन तयार होतं, आणि ते शिजवूनही जात नाही. खाल्ल्यावर तासाभरात तोंड लाल, अंगाला खाज, डोकं ठणकतंय, असं झालं की घरचे म्हणतात "माशाची अॅलर्जी आली", आणि तो माणूस जन्मभर बांगडा सोडतो. बहुतेकदा दोष त्या दिवशीच्या माशाचा असतो. सेटिरिझिनची गोळी घेऊन उतरतं. धाप लागली किंवा चक्कर आली तर मात्र थेट दवाखाना.

पोट बिघडवतात ते मासे फार कमी वेळा. बर्फाचा गोळा, कापून ठेवलेलं कलिंगड, सकाळपासून उघडी असलेली ओल्या खोबऱ्याची चटणी, हे खरे गुन्हेगार. जुलाब लागलेच तर मेडिकलमधून एक लिटरची ओआरएसची पुडी, संपूर्ण एक लिटर पाण्यात. अर्ध्या पाण्यात अर्धी असला अंदाजपंचे कारभार नको. पुडीवर डब्ल्यूएचओचा फॉर्म्युला लिहिलेला असावा. नावात ओआरएस मिरवणारी गोड पेयं वेगळी, त्यांत साखरच जास्त असते. २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने त्यांना ते नाव लावायला मनाई केली ती त्यामुळेच. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. जुलाब थांबवायची गोळी मुलांना द्यायची नाही. जुलाबात रक्त, ताप, किंवा सहा-आठ तास लघवी नाही, असं काही असेल तर दवाखाना गाठा. मागच्या वेळची उरलेली अँटिबायोटिक्स बॅगेत ठेवूच नका.

रात्री आगरातून (नारळ-सुपारीच्या बागेतून) किंवा पाखाडीवरून येताना टॉर्च आणि बंद पादत्राण. सकाळी चप्पल झटकूनच पाय घालायचा. कोकणात फुरसं हा विषारी साप आहे आणि लाल विंचूही. विंचवाचं विष हृदयावर कसं घाला घालतं आणि प्राझोसिन या साध्या औषधाने माणूस कसा वाचतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी जगाला दाखवून दिलं, त्यामुळे ते उपचार आता सगळीकडे माहीत आहेत. तुम्ही फक्त वेळ घालवू नका. चिरायचं नाही, आवळून बांधायचं नाही, जवळचं सरकारी रुग्णालय कुठे आहे ते पहिल्याच दिवशी काकूंना विचारून ठेवायचं.

मुलांच्या व्यायामाची काळजी तुम्ही करू नका. ओहोटीच्या वाळूत कबड्डी, लगोरी, खेकड्यांचा पाठलाग. एक चेंडू पुरे. फक्त जेवणानंतर मोबाइल तुमच्या पर्समध्ये, आणि रात्री दहाला दिवे बंद, तुमचेसुद्धा.

राहिली ती परत आल्यावरची दोन दिवसांची रजा. तुमचा आठ दिवसांचा बेत मला पाठवला नाहीत, पण त्यात बहुतेक हर्णै, दापोली, गणपतीपुळे, रत्नागिरी, जमल्यास मालवण असं काहीतरी असणार. मालवण काढून टाका. गुहागरहून ते पुन्हा पाच-सहा तास गाडीत बसणं आहे. एक दिवस फिरायचं, एक दिवस गुहागरमध्येच पडून राहायचं, असं आलटून-पालटून ठेवा. आणि रविवारी रात्री अकराला घरी पोचू नका, शनिवारी दुपारी पोचा. संध्याकाळी मुगाची खिचडी, कपडे मशीनला, आणि रविवारी सकाळी सासूबाईंना घेऊन सोसायटीच्या आवारात दोन फेऱ्या. निघायच्या आधी मात्र त्यांच्या गोळ्यांची पाकिटं घेऊन एकदा तुमच्या डॉक्टरांना भेटा. ग्लिमेपिराइड असेल तर प्रवासाच्या दिवशी ती कशी घ्यायची, हे चिठ्ठीवर लिहून मागा आणि ती चिठ्ठी साखरेच्या पुडीसोबतच ठेवा.